धक्क्यावरची चटई

सकाळच्या पहिल्या फेरीआधी आमचे व्यवस्थापक इआकोपो यांनी आम्हाला तिकीट खिडकीच्या आत उभं केलं आणि एका माणसाचा फोटो काचेला चिकटवला. फोटोचं तोंड आमच्याकडे होतं. बाहेर उभ्या असलेल्या प्रवाशांना त्याची नुसती पांढरी पाठ दिसत होती.

"एसेकिया. गाव वाइमोआ," ते म्हणाले. "नीट बघून ठेवा. डाव्या भुवईत आडवी खूण आहे. हा आला तर तिकीट द्यायचं, हसायचं, आणि तो जहाजावर चढला की पलीकडच्या धक्क्यावरच्या चौकीला फोन करायचा. जहाजातून उतरायला वाट एकच. तिथे ते त्याला धरतील."

"हसायचं कशाला?" मासिना म्हणाली. ती तिकीट खिडकीवर माझ्या जन्माआधीपासून बसते. "मी हसले तर माणूस घाबरून पोहत जाईल."

"मग नको हसूस. फोन कर. आणि ही पोलिसांची विनंती नाही, नोकरीची अट आहे. ज्याने ओळखलं आणि कळवलं नाही, त्याने दुसऱ्या दिवशी कामावर यायचं नाही."

इआकोपो चर्चमध्ये डीकन आहेत. ते बोलतात तसं करतात, हे त्यांच्याबद्दल सगळं बेट सांगतं, आणि सांगताना प्रत्येकाचा सूर वेगळा असतो.

एसेकियाने काय केलं ते आम्हाला सांगावं लागलं नाही. शनिवारी वाइमोआच्या मैदानावर किरिकिटीचा, म्हणजे आमच्याकडच्या क्रिकेटचा, सामना होता. समुद्रापलीकडून, उपोलू बेटावरच्या फालेउता गावातून पाहुणा संघ आला होता. बाद आहे की नाही यावरून वाद झाला आणि एसेकियाने हातातली बॅट फिरवली. आमची बॅट तीन कडांची असते, आणि टोकाकडे जड. फालेउताच्या पेनियामिनाच्या कानामागे ती बसली. सोमवारी तो अपियाच्या रुग्णालयात वारला. एसेकिया त्याच संध्याकाळी डोंगराकडच्या मळ्यांत शिरला होता, आणि पोलिसांना तो सापडला नव्हता.

माझं काम खिडकीवरचं नाही. मी वजनकाट्यावर असते. कोणती गाडी किती भरलेली आहे, ती जहाजावर कुठे उभी करायची, म्हणजे जहाज एका अंगाला झुकणार नाही, हे मी ठरवते. अपियात भौतिकशास्त्र शिकून आले आणि ट्रक तोलायला लागले. आई शेजारणींना सांगते, "आमची फुआतिनो विज्ञान करते," आणि घरात मला म्हणते, "आज किती ट्रक जेवून आले गं?"

दुपारच्या शेवटच्या फेरीला एक निळा पिकअप काट्यावर आला. पुढे चालकाशेजारी एक म्हातारे मताई, म्हणजे कुटुंबाचे प्रमुख, बसले होते. मागे नऊ-दहा पुरुष. बायका नाहीत, पोरं नाहीत, शनिवारच्या बाजारासारखी टोपल्यांची गर्दीही नाही. काटा गाडीच्या आकाराला शोभेल त्याहून बराच वर गेला.

"काय भरलंय?" मी विचारलं.

"लाकडं," चालक म्हणाला. "दगड. थोडी पानं."

मासिना तिकिटं फाडायला बाहेर आली होती. तिने मागे डोकावलं आणि तिच्या नेहमीच्या सुरात म्हणाली, "का हो, उपोलूवरचे दगड संपले वाटतं? की आमच्या बेटावरचे जास्त गोड लागतात?"

कुणी हसलं नाही. कुणी उलट टोमणाही मारला नाही. आमच्याकडे टोमणा रिकाम्या हाताने परत येत नाही. मयताच्या घरीसुद्धा तो उत्तर घेऊनच परत येतो. मासिनाचा हात तिकिटांच्या गठ्ठ्यावर तसाच राहिला.

मी पुन्हा दगडांकडे बघितलं. साधे नव्हते. हलके, छिद्रं असलेले, काळवंडलेले. भट्टीत तापवले तरी न तडकणारे दगड माणसं निवडून ठेवतात, तसले. त्यांच्याशेजारी चिरलेली लाकडं, केळीची हिरवी पानं. आणि म्हाताऱ्यांच्या मांडीवर, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी, ज्याच्या कोपऱ्यातून लाल पिसांची झालर बाहेर आली होती.

इफोंगा. लाकूड, दगड, पानं आणि बारीक विणीची चटई एकत्र घेऊन माणसं दुसऱ्या कशालाच जात नाहीत. पहाटे मृताच्या घरासमोर जायचं, अपराध्याला चटईखाली झाकायचं आणि मान खाली घालून बसायचं. बोलायचं नाही. भट्टीचं सामान पुढे ठेवायचं: आम्ही आलो आहोत, हवं तर आम्हाला भाजून खा. घरच्यांपैकी कुणी चटई उचलली, तर मिटलं. नाही उचलली तर चटईखालचा माणूस तिथेच असतो, मान वाकवलेला, आणि भोवती कोयते घेतलेली तरणी पोरं असतात.

पिकअपच्या मागच्या कोपऱ्यात, लाकडांना टेकून, एक जण डोक्यावरून टॉवेल घेऊन बसला होता. वाऱ्याने टॉवेल सरकला. डाव्या भुवईत आडवी खूण होती. त्याने टॉवेल पुन्हा ओढला, पण त्याआधी माझ्याकडे बघितलं, आणि मी बघितलं हे त्यालाही दिसलं.

मासिनाने मला दंडाला धरून खिडकीमागे नेलं.

"तू काही पाहिलं नाहीस," ती म्हणाली. "मीही नाही. माझा चष्मा घरी आहे."

"तुझ्या नाकावर आहे."

"तोंड आवर, पोरी."

मी फोनकडे बघत होते. "मासिना, कोठडीला कुलूप असतं. चटईला नसतं. पोलिसांनी धरलं तर तो निदान जिवंत राहील."

"पलीकडे आज कोण आहे चौकीवर?"

"कॉर्पोरल साले."

"सालेची आई कुठली?"

मला माहीत नव्हतं. मासिनाला बेटावरच्या प्रत्येकाची आई माहीत असते.

"फालेउताची. मयताच्या घरापासून तिसरं घर. तू फोन करशील, साले नोंद करेल, आणि नोंद करून होते न होते तोच आईचा फोन येईल, बाळा जेवलास का. मग तो काय सांगेल, हे गुप्त आहे, आई? जहाज लागायच्या आत सगळा गाव धक्क्यावर असेल. इफोंगा न सांगता जातो, कळलं? डोळे उघडावेत आणि समोर माणसं बसलेली असावीत. झोपेतून उठलेल्या माणसाच्या हातात कोयता नसतो. धक्क्यावर यायला निघालेल्याच्या हातात असतो."

"पण पोलीस तिथे असतीलच."

"एक पोलीस. आणि समज, त्याने धरला. सहीसलामत नेला. मग? वाइमोआची माणसं माफी मागायला येत होती हे कोण म्हणेल? म्हणतील, पळत होता, सापडला. आणि लुईसा कुठे आहे तुझ्या हिशेबात?"

"कोण लुईसा?"

"त्याची बहीण. फालेउतात दिलीय. दोन लेकरं. सोमवारपासून पाण्यालासुद्धा बाहेर पडलेली नाही. काल तिच्या छपरावर दगड पडले. त्या गावात वाइमोआचं माणूस एकच आहे, आणि ते ती आहे."

मी रिसीव्हर उचलला होता, तो खाली ठेवला. शिकताना आम्हाला सांगितलं होतं की मोजणाऱ्याने मोजायच्या वस्तूला हात लावू नये. इथे मोजमाप नोंदवणं म्हणजेच हात लावणं होतं. मी ठरवलं, आज यांना जहाजावरून पलीकडे जाऊ द्यायचं, आणि उद्या ही माणसं अंगणात बसल्यावर कळवायचं. मी कळवणं टाळत नव्हते, नुसतं पुढे ढकलत होते. तेव्हा मला तो फरक बराच मोठा वाटला.

"फुआतिनो," इआकोपोंनी आतल्या खोलीतून हाक मारली. "काही विशेष?"

"एक पिकअप फार भरलाय. मधोमध लावावा लागेल. मी जहाजाबरोबर जाऊन येते."

ते दारात आले. काचेतून बाहेर बघत राहिले. निळ्या पिकअपकडे, मग माझ्याकडे.

"जा," ते म्हणाले.

जहाज सुटल्यावर मी गाड्यांच्या मजल्यावर गेले. बाकीचे प्रवासी वर वाऱ्याला गेले होते. पिकअपमधली माणसं गाडीतच होती. म्हातारे दार उघडून पाय बाहेर सोडून बसले होते.

"कुणाची तू?" त्यांनी विचारलं.

"पोस्टातल्या तुलींची."

"अच्छा. म्हणजे ती शिकलेली तूच. मी आसोमुआ." मग गंमतीचा सूर लावायचा प्रयत्न करत म्हणाले, "काय म्हणाला तुझा काटा? आमचे दगड उतरले का परीक्षेत?"

"दगड मी लिहिले, आसोमुआ. माणसं लिहायची राहिलीत."

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांच्या कडा पिवळट झालेल्या, पण नजर पक्की.

"मग आम्ही तुला काय म्हणायचं? उपकार झाले, की वाट बघतो?"

"आपण पहाटे बसल्यावर मी कळवीन. त्याआधी नाही."

"एवढं पुरे," ते म्हणाले. "त्यानंतर पोलिसांनी त्याला न्यावंच. आम्ही त्याला लपवायला निघालेलो नाही. आधी त्याने त्यांच्यासमोर बसायला हवं, मग तुरुंगात. उलट क्रमाने केलं तर दोन्ही फुकट."

एसेकिया लाकडांशेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. माझ्याच वयाचा. मळ्यातल्या काट्यांनी हात ओरबाडलेले. मी जवळून जाताना तो म्हणाला, "ताई, तो काही बोलला का? दवाखान्यात?"

"मला माहीत नाही."

"शुद्ध आली होती का?"

"खरंच माहीत नाही मला."

त्याने मान हलवली. मग, मला नाही, समोरच्या लोखंडी भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला, "मी बाद होतो. तो म्हणत होता ते बरोबर होतं. बाद होतो मी."

मधल्या लहान बेटाजवळ आलं की फोनला पुन्हा रेंज येते. माझ्या खिशात फोन थरथरला. मासिनाचा निरोप होता: इआकोपोने चौकीला फोन केला. मी आडवी आले तरी ऐकलं नाही. म्हणाला, दगड मलाही ओळखता येतात.

मी तो निरोप दोनदा वाचला. मग पिकअपकडे गेले आणि मोठ्याने वाचून दाखवला, कारण माझ्या शब्दांत सांगायची मला हिंमत झाली नाही.

 चालकाने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, जणू गाडी चालू आहे.

"जहाज फिरवता येईल?" आसोमुआंनी विचारलं.

"नाही. आणि फिरवलं तरी परत तिथेच."

"पुढचा दरवाजा उघडतो तो कुठे उघडतो?"

"तोंडाशी. रॅम्प खाली येतो, सरळ धक्क्यावर."

ते उतरले. गाड्यांच्या रांगेपुढे, रॅम्पच्या आत जी मोकळी लोखंडी जागा असते, तिथे जाऊन उभे राहिले. चपलेने जमीन चाचपली. तेलाचे डाग होते, समुद्राचं पाणी होतं.

"इथे," ते म्हणाले.

"इथे?" चालक म्हणाला. "आसोमुआ, ही काय जागा आहे? ना अंगण, ना पहाट. लोक हसतील आपल्याला."

"हसले तर देवाची कृपा. मयताची माणसं धक्क्यावर येणार. मग आज त्यांचं अंगण तिथे आहे. उतरवा."

दगड हातोहात उतरले. मी वर कप्तानाकडे गेले. पुढच्या गाड्यांनी इंजिन चालू करू नये एवढंच सांगायचं होतं, पण ते सांगायला सगळंच सांगावं लागलं. त्याने दुर्बीण लावून धक्क्याकडे बघितलं, मग ती माझ्या हातात दिली. चौकीच्या पत्र्याच्या छपराखाली बरीच माणसं होती. ती सावलीत बसलेली नव्हती. उन्हात उभी होती.

"रॅम्प मी हळू सोडतो," कप्तान म्हणाला. "माझ्या हातात तेवढंच आहे."

खाली आले तेव्हा चटई उलगडली होती. जुनी, कापडासारखी मऊ झालेली, कडेने लाल पिसं. एसेकिया गुडघ्यांवर बसून पुढे वाकला. त्याच्या अंगावर ती टाकताना आसोमुआ स्वतःही त्याच्या शेजारी खाली शिरले. आता तिथे एक उंचवटा होता आणि त्यात किती माणसं, कुठली, हे बाहेरून कळत नव्हतं. बाकीचे मागे मांडी घालून, मान खाली घालून बसले. यापुढे त्यांच्यातलं कुणी बोलणार नव्हतं.

इंजिनाचा सूर उतरला. साखळ्या कुरकुरल्या. रॅम्प खाली यायला लागला तसं आधी आकाश दिसलं, मग माडांचे शेंडे, मग चौकीचं छप्पर, मग माणसांची डोकी. शेवटी हात दिसले. कोयते होते. काही नुसते लोंबत धरलेले, काही खांद्यावर.

एक पोरगा रॅम्पवर दोन पावलं आला आणि थांबला. तो पळणाऱ्याला धरायला आला होता. मान खाली घालून बसलेली माणसं बघायची त्याची तयारी नव्हती.

"हे काय नाटक?" तो ओरडला. "धक्क्यावर?"

"खाली म्हातारा असेल," दुसरा म्हणाला. "म्हाताऱ्याला झाकतात आणि पोरगा मागच्या गाडीत. उघडा ना गाड्या!"

ते अगदीच चूक नव्हतं. पुष्कळदा मताई अपराध्याच्या जागी बसतात, ते चालतं. पण पोरगा पळतोय असं वाटत असताना त्याच्या जागी म्हातारा निघाला, तर ती माफी नव्हे, थट्टा ठरली असती.

कॉर्पोरल साले पुढे आला. उंच, निळा गणवेश, घामाने पाठ काळी झालेली. त्याच्यामागे एका गाडीच्या फळीवर एक म्हातारा बसला होता. त्याच्या हातात काही नव्हतं. पोरं त्याच्याकडे ज्या रीतीने मधून मधून बघत होती, त्यावरून तो पेनियामिनाचा बाप आहे हे मला कळलं.

"जहाजाचं कोण आहे?" सालेने विचारलं.

"मी."

"चटईखाली कोण आहे?"

ठाऊक नाही म्हटलं असतं तर सालेला हलता आलं नसतं, पण पोरं हलली असती. एसेकिया म्हटलं तर सालेला त्याला धरावं लागणार, पोरांच्या देखत. दोन्हीकडे काय होईल ते मला नेमकं सांगता येत नव्हतं. एवढंच माहीत होतं की फोनवरून जे एकाच कानात गेलं असतं, ते इथे सगळ्यांना एकदम ऐकू जाणार होतं. बापालाही.

"एसेकिया," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "वाइमोआचा. पळत नव्हता. या लोकांबरोबर लाकडं-दगड घेऊन तुमच्याकडेच निघाला होता. मी दुपारी काट्यावर ओळखलं. तेव्हा कळवलं नाही. आता कळवते."

चटई हलली. आत कुणीतरी श्वास सोडला असावा.

साले पुढे आला. वाकला. त्याचा हात चटईच्या कडेपाशी पोचला.

"साले," बाप म्हणाला. फळीवरून उठला नव्हता.

"काका, मला धरावाच लागेल त्याला."

"धर ना. पण तू कुणाचं दूध प्यायलास? तू उचललीस म्हणजे ती फालेउताने उचलली. माझा मुलगा अजून पुरलेला नाही. मी उचललेली नाही. तर तूही नाही."

"मग मी धरू कसा?"

"न उचलता धर."

मागे एक जण हसला आणि लगेच गप्प झाला. साले तसाच वाकलेला राहिला. मग त्याने हात मागे घेतला, पँटीला पुसला आणि सरळ उभा राहिला. वरच्या मजल्यावर प्रवासी कठड्याशी दाटले होते. एकाही गाडीने हॉर्न दिला नाही.

बाप उठला. रॅम्पवरून चढत आला. पोरं त्याच्या दोन्ही बाजूंनी सरकली. तो दगडांपाशी थांबला, त्यातला एक पायाने बाजूला केला, आणि चटईपुढे येऊन उभा राहिला. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. त्याच्या अंगाला दवाखान्यातल्या साबणाचा वास येत होता.

त्याने वाकून चटईवरूनच खालच्या माणसांवर तळवा ठेवला. एकावर. मग दुसऱ्यावर. दुसऱ्यावर तो बराच वेळ राहिला. चटईची पिसं थरथरत होती आणि त्या क्षणी वारा पडलेला होता.

"हा धक्का आहे," तो म्हणाला. "इथे डुकरं उतरवतात. माझ्या मुलासाठी यायचं तर माझ्या घरी या. पहाटे."

मग पोरांकडे वळून, "वाटेत यांना कुणी हात लावायचा नाही. सुनेच्या छपरावर काल कुणी दगड टाकले तेही मला माहीत आहे. ती माझ्या पुतण्याची बायको आहे. आज रात्री तिच्या घरापाशी मी झोपणार."

"आणि पहाटे?" त्या पहिल्या पोराने विचारलं.

"पहाटेचं मी अजून ठरवलेलं नाही."

वाइमोआच्या माणसांनी एसेकियाला आणि आसोमुआंना चटईसकट उठवलं, न उघडता, आंधळ्यांना नेतात तसं हाताला धरून, आणि पिकअपमध्ये बसवलं. साले त्यांच्याशेजारी चढला. गाडी सुरू झाली तशी चटई वाऱ्याने फुगली. सालेने झटकन दोन्ही हातांनी कडा दाबून धरल्या.

"उडाली तर मला त्याला अटक करावी लागेल," तो मला म्हणाला. खालच्या आवाजात, माफी मागितल्यासारखा.

पिकअप माणसाच्या चालीने निघाला. दोन्ही बाजूंनी पोरं चालत होती, कोयते घेऊन. वळणापर्यंत मला दिसत राहिलं: मध्ये चटई, आणि तिला धरून बसलेला पोलीस.

परतीच्या फेरीनंतर इआकोपो धक्क्यावर उभे होते. मासिना त्यांच्यापासून लांब, भिंतीला टेकून.

"कळवलंस?" त्यांनी विचारलं.

"हो. सगळ्यांसमोर."

"मी आधीच कळवलं होतं."

"सालेच्या आईलाही कळलं ते."

"मी पोलिसाला कळवलं," ते म्हणाले. "आईला नाही." पण ते बोलून झाल्यावर ते तिथेच उभे राहिले, आणि जाताना म्हणाले, "तू उद्या यायचं की नाही, ते मी सकाळी सांगतो."

सकाळी मी कुणी न सांगता आले. उजाडत होतं. मासिना खिडकीत होती. इआकोपोही आले होते. नेहमीचा टाय लावलेला नव्हता. मी सालेला फोन लावला आणि तो टेबलावर मध्ये ठेवला.

"उचलली?"

"नाही. हळू बोल." साले कुजबुजत होता. "अंगणात बसलेत. अंधारापासून. घराचे झापांचे पडदे अजून खाली आहेत."

"पोरं?"

"आहेत. कोयते मांडीवर."

"लुईसा?" मासिनाने विचारलं.

"मागच्या घरात. दारात तिची सासू बसलीय."

"राखायला की अडवायला?"

"मलाही कळत नाही."

मग बराच वेळ कोंबड्यांचे आवाज आले. इआकोपोंनी खुर्ची ओढली आणि बसले नाहीत.

"एक झाप वर गेलं," साले म्हणाला. "आला बाहेर."

"हातात काही आहे?"

"नाही. पायरीवर उभा आहे. बघतोय." थोडा वेळ गेला. "म्हातारे आसोमुआ कलंडलेत चटईखाली, दिसतंय वरून. कुणी सावरायला उठत नाही. उठता येत नाही त्यांना." इआकोपो फोनवर वाकले. "उतरला. चालतोय. पोरं उठली."

मासिनाने माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली. फोनमधून एका बाईचा आवाज आला, काहीतरी म्हणाली, आणि थांबली.

"त्याने उचलली," साले म्हणाला. त्याचा आवाज आता कुजबुजीचा राहिला नव्हता. "चटई उचलली. पोरांना म्हणाला, म्हाताऱ्यांना पाणी आणा. ठेवतो मी. आता माझं काम आहे."

फोन बंद झाला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत होतो. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, पुन्हा पुन्हा, बहुधा बराच वेळ.

"जा," इआकोपो मला म्हणाले. "काट्यावर ट्रक उभा आहे."